माळ : व्रत, वेष आणि बाजार



झाशी हे रेल्वेचे गाव आहे, हे येथे राहणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. मुंबईची पंजाब मेल १९१२ पासून या गावावरून धावते. एक फाटा येथून कानपूरला जातो, दुसरा मऊरानीपूर, महोबा, बांदा असे करीत माणिकपूरला. आणि मुख्य मार्ग ग्वाल्हेर-आग्र्यावरून दिल्लीस पोहोचतो. खजुराहोला स्वतःचे स्थानक मिळाले ते २००८ साली. तोवर तेथील देवळे पाहण्यास निघालेला परदेशी प्रवासी दिल्ली-आग्र्याकडून येऊन बहुधा झाशीला उतरे आणि पुढचे पावणेदोनशे किलोमीटर मोटारीने जाई.

१९६० नंतरचे दशक संपत आले तेव्हा या प्रवाशांत एक नवाच प्रकार दिसू लागला. वाढलेले केस, अंगात मळका झब्बा, पायांत चपला असल्या तर असल्या, जवळ पैसे बेताचेच; आणि गळ्यात माळा. एक नव्हे, तीनतीन-चारचार. रुद्राक्षाची, तिच्यावर चंदनाची, तिच्यावर रंगीत काचमण्यांची. बाईच्या गळ्यात, तशाच पुरुषाच्याही. वर्तमानपत्रांनी त्यांना हिप्पी म्हटले आणि तोच शब्द आपल्याकडे रूढ झाला. फलाटावरच्या चहावाल्याला त्यांच्या केसांचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. जटाधारी बैरागी त्याने जन्मभर पाहिले होते. अडचण होती ती माळेची. बैराग्याच्या गळ्याकडे पाहिले की तो कोणत्या पंथाचा, हे इकडच्या माणसाला बरेचसे उमगते. या पाहुण्यांच्या माळा मात्र वाचता येण्यासारख्या नव्हत्या. एकाच गळ्यात शैवाचा रुद्राक्ष आणि वैष्णवाची तुळस पाहून कोणी काय समजावे? त्या माळांना काही अर्थ होता की नव्हता, असल्यास तो कोठून आला आणि पुढे त्याचे काय झाले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या समाजात गळा हा मोठा बोलका अवयव आहे. मंगळसूत्रातील काळी पोत सौभाग्य सांगते. कवड्यांची माळ तुळजाभवानीच्या आराध्याची खूण पटविते. रुद्राक्ष शिवभक्ताचा, तुळस विठ्ठलभक्ताची. गळ्यात काय आहे याइतकेच काय नाही, हेही पाहिले जाते. झाशीपुरते बोलावयाचे तर विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण पुरेसे आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली घरातून निघाले आणि १८५८ साली झाशीला वेढा पडला तेव्हा याच गावात होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. राणी लक्ष्मीबाईंना त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांच्या वेषाचे वर्णन करताना वैधव्यानंतर सौभाग्यालंकार गेले आणि गळ्यात मोत्यांची एक लहानशी माळ तेवढी उरली, ही गोष्ट या भिक्षुकाच्या नजरेतून सुटली नाही. समोर तलवार बांधलेली राज्यकर्ती उभी असतानाही त्याचे लक्ष गळ्याकडे गेलेच. (विष्णुभटांचा प्रवासही पै-पैशाचा हिशेब करीत आणि मिळेल तेथे पथारी टाकीत झालेला होता. तुटपुंज्या पैशांवर दूरदेशी हिंडणारे पाहुणे झाशीने हिप्पींच्या शंभर वर्षे आधीच पाहिले होते.)

माळेचा अर्थ सर्वांत स्पष्ट दिसतो तो वारकरी संप्रदायात. ‘माळ घालणे’ हा तेथे निव्वळ अलंकार धारण करण्याचा प्रकार नाही. संप्रदायातील एखाद्या अधिकारी व्यक्तीच्या हातून तुळशीच्या मण्यांची माळ गळ्यात पडली की तो मनुष्य माळकरी झाला. त्यानंतर मद्य आणि मांस वर्ज्य, एकादशीचा उपवास, नित्याचा हरिपाठ, वर्षातून एकदा तरी पंढरीची वारी आणि खोटेपणापासून दूर राहण्याची शपथ. माळकऱ्याच्या ताटात काय वाढावयाचे हे परक्या घरातल्या गृहिणीलाही विचारावे लागत नाही. त्याचे पाऊल वाकडे पडले तर गाव त्याला नाव ठेवीत नाही, माळेचे नाव काढते: गळ्यात माळ आहे आणि असे वागतोस? पंढरपुरात काशीकापडी समाजातील कुटुंबे पिढ्यान्पिढ्या तुळशीच्या वाळलेल्या काड्यांपासून हे मणी तयार करीत आली आहेत. त्या माळेची किंमत कोणालाही परवडावी अशी असते. जे जड असते ते तिच्यामागून येणारे आयुष्य.

मण्यांवर जप मोजण्याची रीत केवळ आपलीच आहे असे नाही. हिंदू, जैन आणि बौद्ध जपमाळेत एकशे आठ मणी असतात, मुसलमानांच्या तसबीहमध्ये नव्याण्णव किंवा तेहतीस. कॅथॉलिक ख्रिस्ती लोकांची जपमाळही सर्वांच्या परिचयाची आहे. इंग्रजीत मण्याला ‘बीड’ म्हणतात. हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला त्याचा अर्थ ‘प्रार्थना’ असा होता. लोक प्रार्थना मोजता मोजता ज्या वस्तूला बोट लावीत, त्या वस्तूलाच पुढे प्रार्थनेचे नाव मिळाले आणि मूळ अर्थ मागे पडला. १९६७ साली अमेरिकेतील जी मुले गळ्यात मणी घालून रस्त्यावर आली, त्यांच्या भाषेत हा अर्थ गाडला गेलेला होता, याची त्यांच्यापैकी फार थोड्यांना कल्पना असेल.

त्या वर्षाचा थोडा तपशील पाहणे आवश्यक आहे. १४ जानेवारी १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरातील गोल्डन गेट उद्यानात हजारो तरुणतरुणींचा एक मेळावा भरला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हेट-ॲशबरी या त्या शहरातील मोहल्ल्यात देशभरातून मुले येऊन राहिली. जूनमध्ये माँटेरे येथील संगीत महोत्सवात पंडित रविशंकरांचे सतारवादन झाले. पुढच्या वर्षी, म्हणजे फेब्रुवारी १९६८ मध्ये, बीटल्स हा प्रख्यात गायकवृंद महर्षी महेश योगींच्या हृषीकेश येथील आश्रमात येऊन राहिला आणि गळ्यात झेंडूचे हार घातलेली त्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली. या सर्व काळात मण्यांची माळ ही त्या तरुणांची ओळख होऊन बसली. तिला त्यांनी प्रेमाचे मणी असे नाव दिले होते.

पुरुषाच्या गळ्यात माळ, यात भारतीयाला खटकण्यासारखे काही नाही. आपले राजे-रजवाडे मोत्यांच्या सरांनी मढलेले असत, शेतकरी तुळस घालतो, पहिलवान ताईत बांधतो. परंतु युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गीय पुरुषाने शे-दीडशे वर्षे गळ्यात नेकटायखेरीज काही घातलेले नव्हते. नेकटाय म्हणजे कचेरी, पगार, बढती, घराचे हप्ते. मुलाने ती सोडून त्या जागी मण्यांचा सर घातला याचा अर्थ बापाला समजावून सांगावा लागला नाही. यात व्हिएतनामच्या युद्धाचीही भर पडली. सक्तीच्या सैन्यभरतीचा कागद त्या वयाच्या कोणत्याही मुलाच्या घरी येऊ शकत होता. जे भरती झाले त्यांच्यापैकीही कित्येकांनी रणांगणावर, सैनिकाची ओळख पटविणाऱ्या धातूच्या पट्टीशेजारी, मण्यांची माळ घातली होती. एक पट्टी तो मेल्यावर कोण होता हे सांगण्यासाठी, आणि शेजारची माळ बहुधा तो जिवंतपणी कोण होऊ इच्छित होता हे सांगण्यासाठी. ती माळ पोरकट होती असे म्हणणाऱ्यांनी ही छायाचित्रे पाहावीत.

या माळा पुष्कळदा त्या मुलांनी स्वतः ओवलेल्या असत. बारीक मणी सुईने दोऱ्यात घ्यावयाचे, गाठ मारावयाची आणि भेटेल त्याच्या गळ्यात घालावयाची. विकत न घेता दिलेली, हाताने केलेली वस्तू, असा तिचा मान होता. सर्व काही दुकानातून येणाऱ्या समाजात ही गोष्ट क्षुल्लक नव्हती. पण माळ घातल्यानंतर काय, या प्रश्नाचे उत्तर त्या माळेत नव्हते. ती घालणाऱ्यावर कोणतेही बंधन येत नसे. बंधन झुगारणे हाच तर तिचा हेतू होता. वारकऱ्याची माळ आणि ही माळ दिसावयास सारखी असली तरी त्यांच्या दिशा उलट होत्या. एक मनुष्याला बांधून घेई, दुसरी त्याला सुटा झाल्याची खूण देई.

योगायोगाची गोष्ट अशी की, या दोन्ही माळा त्याच मोहल्ल्यात, त्याच महिन्यात समोरासमोर आल्या. भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद यांनी १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये आंतरराष्ट्रीय कृष्णभावनामृत संघाची स्थापना केली होती. जानेवारी १९६७ मध्ये हेट-ॲशबरीत त्यांचे कृष्णमंदिर उघडले. तेथेही तुळशीच्या मण्यांची कंठी मिळत असे; मात्र तिच्यासोबत मांस, नशा, जुगार आणि विवाहबाह्य संबंध यांचा त्याग आणि रोज जपमाळेच्या सोळा फेऱ्या, असे नियम येत. रस्त्यावरची काही मुले त्या दारातून आत गेली. बाकीची बाहेर राहिली. दोन्हींच्या गळ्यात मणीच होते, आणि छायाचित्रकाराला त्यातला फरक दिसण्याचे कारण नव्हते. पुढे भारतीय वृत्तपत्रांनीही दोघांना एकाच नावाने हाक मारली. हा अन्याय होता.

माळेची फॅशन होण्यास फार काळ लागला नाही. १९६८ पर्यंत मोठमोठ्या दुकानांतून तयार माळा विक्रीस आल्या. ज्या दुकानदारीला नकार म्हणून मणी ओवले गेले होते, तिनेच ते काउंटरवर मांडले. येथे एक प्रश्न सहसा विचारला जात नाही तो विचारणे भाग आहे. हे मणी बनत कोठे होते?

त्या मुलांची समजूत अशी होती की, काचेचे बारीक मणी ही अमेरिकेतील मूळ रहिवाशांची कला आणि म्हणून निसर्गाला जवळची वस्तू आहे. त्या लोकांची मणीकामाची कला खरोखरच अप्रतिम आहे. तथापि काच ओतण्याची विद्या त्यांच्याकडे नव्हती. काचमणी त्यांना युरोपीय व्यापाऱ्यांनी कातड्यांच्या मोबदल्यात दिले होते. व्हेनिसजवळचे मुरानो बेट आणि बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील याब्लोनेत्सचा परिसर, ही त्या व्यापाराची मोठी केंद्रे. याच मण्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसेही विकत घेतली गेली. तेव्हा ज्यांना आदिवासी मणी समजून गळ्यात घातले जात होते, ते मूळचे युरोपातील कारखान्यांतलेच होते. आज या पद्धतीच्या वेषाला फॅशनच्या बाजारात ‘बोहो’ म्हणतात. ते ‘बोहेमियन’ या शब्दाचे लघुरूप आहे, आणि बोहेमियाचा मण्यांशी असलेला खरा संबंध त्या नावाच्या मनातही नाही.

असाच एक फेरा काठमांडूत पाहावयास मिळतो. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली असा प्रवास करून आलेले हिप्पी काठमांडूच्या झोछें भागात मुक्काम करीत. त्या गल्लीचे नावच पुढे ‘फ्रीक स्ट्रीट’ पडले. तेथून चालत गेल्यावर थोड्याच अंतरावर इंद्रचोक लागतो. इंद्रचोकात मण्यांचा जुना बाजार आहे आणि तेथील व्यापारी पिढ्यान्पिढ्या मुसलमान आहेत. नेपाळी विवाहित स्त्री गळ्यात बारीक काचमण्यांचे अनेकपदरी सर घालते, त्यांना ‘पोते’ म्हणतात. मराठीतील ‘पोत’ आणि हा ‘पोते’ एकमेकांचे सगे आहेत, हे सांगावयास भाषाशास्त्रज्ञ नको. हे पोत्याचे मणी मोठ्या प्रमाणावर चेक आणि जपानी कारखान्यांतून येत. म्हणजे बोहेमियात घडलेला मणी काठमांडूत सौभाग्यचिन्ह झाला, ते सौभाग्यचिन्ह एखाद्या अविवाहित युरोपीय मुलीने पूर्वेचे गूढ म्हणून गळ्यात घातले, आणि ती ते घेऊन परत आपल्या घरी गेली. मणी अखेर स्वगृही पोहोचला, फक्त मधल्या बाईचा अर्थ वाटेत गळून पडला.

याच काठमांडूत देव आनंद यांनी ‘हरे रामा हरे कृष्णा’ हा चित्रपट चित्रित केला. साल १९७१. हिप्पींच्या नादी लागलेल्या बहिणीच्या शोधात भाऊ काठमांडूला येतो आणि अखेर ती त्याच्या हाती लागत नाही, ती जीव देते, असे त्याचे कथानक. बहिणीची भूमिका झीनत अमान यांनी केली. चित्रपटाचा रोख उपदेशाचा होता. तरुणांनी या मार्गाला जाऊ नये, हेच त्याला सांगावयाचे होते. परंतु प्रेक्षकांच्या लक्षात उपदेश राहिला नाही. राहिले ते राहुलदेव बर्मन यांच्या चालीवरचे आणि आशा भोसले यांच्या आवाजातले गाणे, मोठा काळा चष्मा, झब्बा आणि गळ्यातल्या माळा. हिंदी चित्रपटाच्या बाबतीत हे वारंवार घडते: ज्या गोष्टीचा निषेध करावयाचा तीच पडद्यावर सर्वांत देखणी दिसते. त्यानंतरच्या काही वर्षांत मुंबई-पुण्यापासून झाशी-कानपूरपर्यंतच्या महाविद्यालयांतून मुलांनी केस वाढविले आणि गळ्यात मणी घातले. ज्या घरात आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्याच घरात नातू लांब लाकडी मण्यांची माळ घालून आरशासमोर उभा राहिला, आणि आजोबांनी त्याला विचारले असेल की ही कोणाकडून घेतलीस, तर ‘बाजारातून’ हेच त्याचे उत्तर असणार. भारतातून गेलेली माळ भारतात परत आली ती अशी, सॅन फ्रान्सिस्को आणि काठमांडू यांचा वळसा घालून, आणि व्रताशिवाय.

महाराष्ट्रात या प्रकरणाला एक स्वतंत्र उपकथानक आहे. आचार्य रजनीश यांनी १९७० च्या सप्टेंबरमध्ये मनाली येथे आपल्या पद्धतीचा संन्यास देण्यास प्रारंभ केला, आणि १९७४ पासून पुण्याच्या कोरेगाव पार्कात त्यांचा आश्रम उभा राहिला. त्यांच्या शिष्यांचा वेष भगव्या-तांबड्या रंगाचा. गळ्यात एकशे आठ लाकडी मण्यांची माळ, आणि मेरुमणी असावा त्या जागी खुद्द रजनीशांचे छायाचित्र असलेला पदक. हिप्पींच्या मार्गाने भारतात आलेले पुष्कळ पाश्चात्त्य तरुण या आश्रमात स्थिरावले. आळंदी आणि देहूच्या पालख्या ज्या शहरातून जातात, त्या शहराने माळकऱ्यांचा हा दुसरा प्रकार कुतूहलाने, बराचसा नाराजीने आणि रिक्षावाल्यांच्या बाबतीत थोड्या फायद्यानेही पाहिला. या माळेला बंधन होते, पण ते आचाराचे नव्हते. ती एका व्यक्तीशी बांधलेली होती. म्हणूनच १९८५ साली अमेरिकेत असताना त्या व्यक्तीनेच तांबडे कपडे आणि माळ आता आवश्यक नाहीत असे जाहीर केले, तेव्हा हजारो गळ्यांतून ती एकाएकी उतरली. वारकऱ्याच्या माळेबाबत असा निर्णय कोण देणार? तेथे तसा कोणी अधिकारीच नाही.

गोव्याचा प्रकार याहून साधा आणि अधिक व्यावहारिक. कळंगुट, हणजूण या किनाऱ्यांवर हिप्पींनी थंडीचे महिने घालवावयाचे, आणि पैसे संपले की जवळचे कपडे, घड्याळे, वाद्ये, माळा विकावयास बसावयाचे, यातून हणजूणचा बुधवारचा बाजार जन्माला आला. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि जमिनीवरून भारतात येण्याचा तो जुना रस्ता बंद पडला. बाजार मात्र चालू राहिला आणि वाढला. आता तेथे विकणाऱ्या बहुतांशी भारतीय, विकत घेणारे पर्यटक. कर्नाटकातून आलेल्या लमाणी स्त्रिया तेथे आरसेकाम, कवड्या आणि मण्यांचे दागिने घेऊन बसतात. लमाणी स्त्रीचा पोशाख हा तिच्या तांड्याचा इतिहास असतो. पदर, कवड्या, मण्यांचे सर, यातले प्रत्येक तिच्या समाजाला वाचता येते. जुने नग आईच्या किंवा सासूच्या पेटीतून निघाले आणि वाळूत अंथरलेल्या चादरीवर आले. त्यांची घासाघीस इंग्रजी, रशियन, हिंदी अशा मिळेल त्या भाषेत होते. तिच्या दृष्टीने हा व्यवहार ठीकच आहे, घर त्यावर चालते. तिच्या मुलीच्या अंगावर तो दागिना असणार नाही, एवढेच.

आता ज्यांच्याविषयी हिप्पींनी कधी विचारले नाही, चित्रपटांनी दाखविले नाही आणि माळकऱ्यांनीही फारसे मनात आणले नाही, त्या माणसांकडे वळावयाचे आहे. झाशीच्या श्रोत्यांना त्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. याच राज्यात हाथरस जिल्ह्यातील पुरदिलपूर येथे भट्टीतल्या वितळलेल्या काचेची धार लोखंडी सळईवर गुंडाळून मणी काढतात. फिरोजाबाद बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण तेथे मणीही होतात. वाराणसीत दिव्याच्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवून मणी घडविण्याचे काम चालते. हे कसब तेथे विसाव्या शतकात आले आणि वाराणसीच्या काचमण्यांना आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे. झाशीहून माणिकपूरच्या गाडीत बसले तर काही तासांत बांदा येते. तेथे केन नदीच्या पात्रात शजर नावाचा अकीक सापडतो, ज्याच्या पोटात झाडाझुडपांची निसर्गतः उमटलेली चित्रे दिसतात. शजर म्हणजेच झाड. तो कापून, घासून अंगठीचे खडे आणि पदके करणारे कारागीर आता थोडे उरले आहेत.

पण अकीकाची खरी राजधानी गुजरातेतील खंबायत. भडोचकडील रतनपूरच्या खाणींतून दगड यावयाचा, तो उन्हात वाळवावयाचा, मडक्यात घालून शेणाच्या गोवऱ्यांच्या मंद आंचेत भाजावयाचा, म्हणजे त्याचा रंग लालसर खुलतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटीच्या टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने त्याचे टवके उडवावयाचे, सहाणेवर घासून आकार द्यावयाचा, भोक पाडावयाचे आणि अखेर झिलई करावयाची. या धंद्यातले लोक बाबा घोर या सिद्दी पिराला आपला आद्य पुरुष मानतात. येथले मणी जपमाळा आणि तसबीह होऊन अरबस्तानापर्यंत, आफ्रिकेपर्यंत गेले, आणि हिप्पींच्या काळात युरोप-अमेरिकेतही गेले.

अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या एमरीच्या चाकावर तो कोरडाच घासला जातो तेव्हा उडणारी धूळ डोळ्यांना धुरासारखी दिसते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखे घट्ट होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर उपाय नाही. सुरुवातीला खोकला आणि दम, नंतर चालवत नाही, मग त्यात क्षयाची भर पडते. आणि पुष्कळदा रोग्याला शेवटपर्यंत निव्वळ क्षय म्हणूनच औषध दिले जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या अकीक-कामगारांची पाहणी करून हा रोग नोंदविला आहे. चाक घरातच असल्यामुळे धूळ केवळ घासणाऱ्याच्या छातीत जात नाही, तर शेजारी चूल पेटविणारी बायको, रांगणारे मूल आणि भिंतीपलीकडचा शेजारी यांच्याही छातीत जाते. ओले घासावे, धूळ ओढून घेणारी नळी बसवावी, हे उपाय माहीत आहेत आणि करून पाहिलेलेही आहेत. पण काम नगावर मिळते, मालकीहक्क आणि नोंदणी यांचा पत्ता नसतो, आणि घरात चालणाऱ्या धंद्याला कारखान्याचा कायदा सहजी लागू होत नाही. मणी घालणाऱ्याची निष्ठा कशाशीही असो, देवाशी, गुरूशी, नवऱ्याशी किंवा नुसत्या फॅशनशी, त्या निष्ठेची कोणतीही गाठ या घरापर्यंत पोहोचलेली नाही. वारकऱ्याची तुळस तेवढी या आरोपातून सुटते, कारण ती लाकडाची आहे.

अकीकाचे मणी ही या भूमीची फार जुनी विद्या आहे. इराकमधील ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, सिंधू संस्कृतीचे लाल अकीकाचे मणी सापडले. त्यांच्यापैकी काहींवर क्षाराच्या लेपाने पांढरी नक्षी उमटविलेली होती. अशा नक्षीच्या मण्यांवर मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी लिहिलेला प्रबंध पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४९ साली प्रसिद्ध केला. पुढे बडोद्याचे कुलदीप भान आणि अमेरिकेतील जोनाथन मार्क केनॉयर या पुरातत्त्वज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह खंबायतच्या कारागिरांजवळ बसून त्यांची प्रत्येक क्रिया टिपून घेतली, कारण लोथल आणि चान्हूदडो येथील प्राचीन कारागीर काय करीत होते, ते जिवंत हातांतूनच कळणार होते. सिंधुकालीन लांब मण्याला दगडी सामत्याने भोक पाडण्यास कित्येक दिवस लागत असावेत, असे त्यांच्या प्रयोगांवरून दिसले. खंबायतचा कारागीर हिऱ्याची कणी बसविलेल्या सामत्याने, एका हाताने धनुकली मागेपुढे ओढीत, तेच काम त्याहून फार कमी वेळात करतो. तो प्रथम एका टोकाकडून अर्धे भोक पाडतो, मणी उलटतो आणि दुसऱ्या टोकाकडून सुरू करतो. दोन्ही भोके मध्ये मिळावी लागतात. ती नेमकी एका रेषेत क्वचितच मिळतात. आत कोठेतरी केसाएवढी पायरी राहते. उत्खननात सापडलेला मणी हाती आला की जाणकार त्याचा रंग किंवा झिलई आधी पाहत नाही. तो मणी उजेडाकडे धरतो आणि भोकात पाहतो, ती पायरी शोधीत.